केराबाई काय म्हणाल्या

केराबाई घुले बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा दिल्लीच्या पाहुण्यांच्या पुढ्यात हुरडा होता. आगटीच्या निखाऱ्यांतून नुकताच काढलेला, तळहातावर चोळून पाखडलेला, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दही. पाहुणे सात होते आणि सातही जणांना हुरडा फार आवडला होता. ही ज्वारी दिल्लीत कुठे मिळेल, असं त्यांतल्या एकाने मला विचारलंसुद्धा. मी सांगितलं, हुरडा जागेवरच खायचा असतो. त्याने मान डोलवली आणि आणखी एक मूठ घेतली.

ही ज्वारी बंद करा, हे सांगायला ते आले होते.

या गोष्टीला चाळीस वर्षं होत आली. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, परभणीहून एम.एस्सी. होऊन सोलापूरच्या कृषी कार्यालयात लागलेला. गाव कारंबळ, मंगळवेढ्याच्या बाजूचं, काळ्याभोर रानाचं. शेतीच्या विकासासाठी एक राष्ट्रीय कार्यक्रम आखला जात होता, आणि तो आखणारा गट गावोगाव फिरत होता. कल्पना अशी, की देशाचे विभाग पाडायचे आणि प्रत्येक विभागाला एक मुख्य पीक नेमून द्यायचं. त्या पिकाला बियाणं, खत, खरेदी केंद्र, सगळं मिळणार. बाकीच्या पिकांना काही नाही. देशात तेलाचा तुटवडा होता, म्हणून आमच्या भागाच्या वाट्याला सूर्यफूल आलं होतं. आराखड्यात ‘शेतकऱ्यांची संमती’ असं एक प्रकरण लागत होतं, त्यासाठी अकरा गावं निवडलेली. कारंबळ नववं.

पाहुण्यांना मराठी येत नव्हती, गावाला इंग्रजी येत नव्हती. मला दोन्ही येत होत्या. म्हणून मी दुभाषा.

आमचे सहसंचालक गुळवणीसाहेब जीपमध्येच मला म्हणाले होते, “देशमाने, गावची माणसं तोंडाला येईल ते बोलतात. सगळंच्या सगळं पलीकडे पोचवायचं नसतं. जरा गाळून घ्या.” मी हसून हो म्हटलं. त्यात काही वावगं आहे असं मला वाटलंच नाही. साहेबांनी मर्माची गोष्ट सांगितली, आपल्याला विश्वासात घेतलं, असंच वाटलं.

सभा शाळेच्या पटांगणात होती. भिंतीवर एक मोठा नकाशा टांगला होता, त्यावर प्रत्येक विभागाला त्याच्या पिकाचा रंग दिलेला. आमचा सगळा पट्टा पिवळा. आधी सरपंच बोलले. सरकार जे सांगेल ते आम्हाला मान्य आहे, रस्त्याचं तेवढं बघा, एवढंच ते बोलले. मी ते जसंच्या तसं सांगितलं. मग मागे, बायका बसल्या होत्या तिथून, एक पन्नाशीची बाई उठली. उंच, हाडापेराने मजबूत, पदर कमरेला खोचलेला. गुळवणीसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. पण गटाचे अध्यक्ष डॉ. बक्षी यांनी हात वर करून सांगितलं, की बाईंना बोलू द्या, आम्हाला महिलांचं ऐकायचंच आहे.

सरपंच माझ्या कानाशी लागून म्हणाले, केराबाई घुले, नवरा सोलापूरला गिरणीत, वीस वर्षं झाली, बारा एकर ही एकटी बघते.

केराबाई पुढे आल्या त्या थेट नकाशापाशी गेल्या. त्यावर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, आणि मग बोलू लागल्या. घाई नाही, आवाज चढवणं नाही.

“आमचं गाव तुमी पिवळं रंगवलंय. रंग वाळून बी गेलाय. मग आता इचारायला कशापायी आलाय?”

बायकांच्यात जरा हसू झालं. त्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, आमच्या रानाला पाणी नाही, पावसाळ्यात मातीत जी ओल धरते तेवढ्यावर ज्वारी येते. दाणा माणसाला, कडबा जनावराला. सूर्यफुलाचं धाट वाळलं की चुलीत घालायचं, जनावर त्याला तोंड लावत नाही. “बैल काय खाईल, ते त्या कागदावर कुठं लिवलंय ते दाखवा.” मग त्या पेवाबद्दल बोलल्या. आमच्याकडे जमिनीत खोल खड्डा घेऊन ज्वारी साठवतात, ते पेव. बाहत्तरच्या दुष्काळात कारंबळचं एकही माणूस गाव सोडून गेलं नाही, कारण पेवात चार वर्षांची ज्वारी होती. “सूर्यफूल पेवात घालून खाता येतंय का? येत असंल तर आमी उद्या पेरतो. न्हाई येत, तर आमचा ह्याला नकार हाय. माझा एकटीचा न्हाई. ह्या समद्या बायकांचा.”

मागच्या बायकांनी माना हलवल्या. मग केराबाई माझ्याकडे वळल्या. सांग आता त्यांना, अशा नजरेने.

सातही पाहुणे माझ्याकडे बघत होते.

मी इंग्रजीत सांगितलं, की आपलं गाव देशाच्या नकाशावर पाहून बाईंना आनंद झाला आहे. नवीन पिकाबद्दल त्यांना आणि इतर महिलांना उत्सुकता आहे. जनावरांच्या चाऱ्याविषयी आणि धान्य साठवण्याविषयी त्यांना मार्गदर्शन हवं आहे.

घाबरून मी हे केलं असतं तर आज मला इतकं लागलं नसतं. मी घाबरलो नव्हतो. मला ते सहज सुचलं. एकेक वाक्य उचलून, त्यातलं हाड काढून, नुसतं मऊ तेवढं पुढे ठेवत गेलो, आणि आपल्याला हे किती सफाईने जमतं याचं मला मनातून कौतुक वाटलं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉ. बक्षी उठून आले, त्यांनी केराबाईंना हात जोडले, नकाशापाशी उभं करून त्यांचा फोटो काढायला लावला. केराबाई गोंधळल्या. फोटो झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “मी न्हाई म्हनलं, आन ह्ये टाळ्या वाजवत्यात. कळलं न्हवं त्येनला?”

मी म्हणालो, “कळलं मावशी. त्यांना तुमचं पटलं.”

त्यांच्या चेहऱ्यावर जो विश्वास उमटला तो मी तेव्हा पाहिला आणि जीपमध्ये जाऊन बसलो. परतीच्या वाटेवर गुळवणीसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

महिन्याभराने, फेब्रुवारीत, दुपारी शिपायाने येऊन सांगितलं की कारंबळची माणसं भेटायला आली आहेत. केराबाई होत्या, आणखी तीन बायका होत्या, आणि गावच्या शाळेतले साखरेमास्तर. दोन एस.टी. बदलून आले होते. केराबाईंनी टेबलावर शाळेची एक वही ठेवली.

मास्तरांनी समजावून सांगितलं. दिल्लीच्या साहेबांना केराबाईंचं म्हणणं पटलं म्हटल्यावर त्यांना आता आकडे लागतील, असा केराबाईंनी विचार केला. मोठी माणसं आकड्यावर चालतात, तोंडी बोलणं विसरतात. म्हणून या चार बायका महिनाभर घरोघर फिरल्या. गावात बैल दोनशे चौदा. गाई-म्हशी तीनशे एकतीस. एका जनावराला दिवसाला कडब्याच्या पाच पेंढ्या धरल्या तर वर्षाला दहा लाखांच्या आसपास. एवढा कडबा व्हायला किती एकर रान ज्वारीखाली लागेल. पेवं किती, त्यांत धान्य किती, ते किती दिवस पुरेल. सगळं मास्तरांच्या वळणदार अक्षरात, घरागणिक. ज्या घरी नोंद केली त्या घरच्या बाईचा अंगठा किंवा सही.

मी कृषी विद्यापीठात सहा वर्षं काढली होती. इतकं नेटकं सर्वेक्षण मी पाहिलं नव्हतं. आणि हे त्यांनी कशाच्या भरवशावर केलं होतं, तर माझ्या एका वाक्याच्या.

“ह्ये त्येनला धाडा,” केराबाई म्हणाल्या. “म्हंजी कार्यक्रम लिवताना आमच्या गावापुरता तरी बरूबर लिवतील.”

मी वहीची पानं उलटत राहिलो. मला वर बघवेना. घेऊन ठेवावी, धाडतो म्हणावं, आणि कपाटात टाकावी, हे मनात आलं. खोटं कशाला सांगू, आलंच. पण त्या अंगठ्यांवरून डोळा पुढे सरकेना. शेवटी मी वही मिटली आणि त्या दिवशी मी इंग्रजीत काय सांगितलं ते त्यांना मराठीत सांगितलं. एकही शब्द गाळला नाही.

साखरेमास्तरांनी चष्मा काढला. एक बाई म्हणाली, “अगं बाई!” केराबाई आता ओरडतील, वही उचलून निघून जातील असं मला वाटलं, आणि तसं झालं असतं तर मी सुटलो असतो.

त्यांनी विचारलं, “कुणी सांगितलं हुतं असं कराय?”

मी म्हणालो, गाळून घ्या एवढं सांगितलं होतं. बाकीचं मी केलं.

“माझ्या बारा एकरात मी वीस वर्सं कुणाला माझ्या वतीनं बोलू दिलं न्हाई. नवऱ्याला बी न्हाई.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. “तुमच्या तोंडातनं गेलंय ते. तुमच्याच तोंडानं माघारी आना.”

वही त्यांनी माझ्यापाशीच ठेवली.

मार्चमध्ये दिल्लीला अखेरची बैठक होती. आराखड्याच्या मसुद्यात माझे आभार मानले होते, म्हणून मलाही बोलावणं आलं. गुळवणीसाहेब होतेच. सकाळी प्रत्येकाच्या समोर मसुद्याची जाडजूड प्रत ठेवली. मी ‘शेतकऱ्यांची संमती’ हे प्रकरण काढलं. एका पानावर चौकट होती. चौकटीत नकाशाशेजारी उभ्या केराबाईंचा फोटो, खाली त्यांचं नाव आणि माझं वाक्य, की नकाशावर आपलं गाव पाहून महिला शेतकऱ्याला आनंद झाला. सगळ्या प्रकरणात नावासकट छापलेली शेतकरी ती एकच होती. अकरा गावांची संमती त्या एका चौकटीवर उभी होती.

दुपारी ते प्रकरण चर्चेला आलं तेव्हा मी उभा राहिलो. गुळवणीसाहेबांनी माझा सदरा खाली ओढला. मी सांगितलं, की ही चौकट खोटी आहे. भाषांतर मी केलं होतं आणि ते मी जाणूनबुजून चुकीचं केलं. मग केराबाईंचं बोलणं मी पहिल्यापासून शेवटपर्यंत इंग्रजीत सांगितलं. रंग वाळल्याचं सांगितलं. नकार सांगितला. वही टेबलावर ठेवली.

मला वाटलं, आता हे हादरतील. इतका मी कोवळा होतो.

एका सभासदाने पेव म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, त्याची आता गरज नाही, ज्वारी रेशनवर देता येईल.

“आणि कडबा?” मी विचारलं. “कडबा रेशनवर देणार का?”

दोघं-तिघं हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. हुरड्याची चौकशी करणारे गृहस्थही त्यांत होते.

डॉ. बक्षी हसले नाहीत. ते सभ्य माणूस होते, आणि सभ्य माणसाची मला त्या दिवसापासून धास्ती वाटते. त्यांनी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. वादग्रस्त मजकूर आपण छापू शकत नाही, असं सांगून त्यांनी पेन्सिलीने चौकटीवर काट मारली आणि सगळ्यांना आपापल्या प्रतीत तशीच मारायला सांगितली. कागदांवर पेन्सिली फिरल्याचा आवाज झाला.

मी विचारलं, चौकट गेली, पण त्यांचा नकार कुठे लिहिणार?

ते म्हणाले, नकार एका गावाचा आहे, कार्यक्रम देशाचा आहे.

मी म्हणालो, होकारही एकाच गावाचा होता, तो चाललाच होता.

त्यावर ते म्हणाले, नकाशा छापून तयार आहे, देशमाने. पुढचा विषय मुखपृष्ठाचा होता. वही मी परत मागून घेतली, कारण ती कुणी उघडलीच नव्हती.

पंधरवड्यात माझी बदली झाली, माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत. मातीच्या पिशव्यांवर क्रमांक टाकायचे, कुणाशी बोलायचं काम नाही. तिथे रुजू होण्याआधी मी कारंबळला गेलो. केराबाई खळ्यावर होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. चौकट काढली, नकाशा तसाच आहे, वही ही परत आणली आहे.

त्यांनी ऐकून घेतलं, मनाशी लावून पाहिलं, आणि म्हणाल्या, “म्हंजी मी जे बोलले न्हवते ते काढलं. आन मी जे बोलले ते घातलंच न्हाई.”

मी म्हणालो, हो.

“मग तिथं मी हायेच कुठं?”

मी वही त्यांच्या हातात दिली.

संध्याकाळी त्यांनी मला मारुतीच्या पारावर नेलं. गाव जमलं होतं. मला सांगायला लावलं, पहिल्यापासून, मी काय केलं ते. मी सांगितलं. कुणी शिवी दिली नाही. एका म्हाताऱ्याने मी किती शिकलो आहे ते विचारलं. मी सांगितल्यावर त्याने मान हलवली आणि पुन्हा काही विचारलं नाही. एवढी कठीण परीक्षा मला विद्यापीठात कुणी घेतली नव्हती.

त्या वर्षी कार्यक्रम आला. सूर्यफुलाच्या बियाण्याचा ट्रक कारंबळला आला तेव्हा गावाने पोती उतरवून घेतली नाहीत. सरपंच घ्या म्हणत होते. बायका ट्रकच्या पुढ्यात बसून राहिल्या, ड्रायव्हरला चहा दिला, आणि ट्रक भरलेला परत गेला. रब्बीला घरच्या बियाण्याची ज्वारी पेरली. त्याची शिक्षा झाली. खत आलं नाही, दोन वर्षं खरेदी केंद्र उघडलं नाही, दाणा बैलगाडीतून पंढरपूरला न्यावा लागला. केराबाईंना गावातलेच काही जण बोलले. तिसऱ्या वर्षी पाऊस हुकला. शेजारच्या पिवळ्या गावांतून लोक जनावरं घेऊन बाजाराला निघाले, कारण गोठ्यात घालायला काडी नव्हती. कारंबळचं एकही जनावर दावणीवरून सुटलं नाही. साखरेमास्तरांनी मला पत्रातून हे कळवलं. केराबाईंनी शेजारच्या तीन गावांना कडबा दिला, आणि देताना काही बोलल्या नाहीत, असंही त्यांनी लिहिलं होतं.

पुढे पाच वर्षांनी कार्यक्रमाचा मूल्यमापन अहवाल निघाला. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई. प्रयोगशाळेत त्याची एक प्रत आली, ती मी उघडली. शेवटी यशस्वी गावांचा तक्ता होता. त्यात सातव्या ओळीत कारंबळ. सूर्यफुलाखालील क्षेत्र चारशे बारा हेक्टर, उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण, शेतकऱ्यांचा प्रतिसाद उत्साहवर्धक.

रागाच्या भरात मी दिल्लीला तीन पानी पत्र लिहिलं, नाव, हुद्दा, सही घालून. गावात कुणी सूर्यफूल पेरलं नाही, हवं तर येऊन बघा, मी स्वतः घेऊन जातो, असं लिहिलं. दोन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, की आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.

आपलंच तर काही चुकत नाही ना, म्हणून मी रजा टाकून कारंबळला गेलो. साखरेमास्तरांना घेऊन सगळं शिवार पायाखाली घातलं, चारी बाजूंनी, बांध न् बांध. सूर्यफूल सापडलं, नाही असं नाही. एक होतं. शाळेच्या मागे, हातपंपाच्या ओलीवर. चौथीच्या पोरांना फुलाचे भाग शिकवायला मास्तरांनी स्वतःच लावलं होतं.